पाच स्टार कशाचे?

वाचकहो, ई-पुस्तकाचं शेवटचं पान उलटलं की फोन लगेच एक प्रश्न विचारतो. नायिकेचं काय झालं याचा धक्का अजून ओसरलेला नसतो, डोळे पुसून झालेले नसतात, आणि स्क्रीनवर पाच रिकामे स्टार येऊन उभे राहतात. किती देणार? अंगठा आपोआप पाचव्या स्टारवर जातो, नाहीतर रागाने पहिल्यावर. चारशे पानांचा निकाल एका सेकंदात लागतो.

आज त्या एका सेकंदाबद्दल बोलू या. तेही दोन प्रकारच्या पुस्तकांच्या निमित्ताने, कारण घरातल्या किशोरवयीन मुलामुलींच्या उशाशी सध्या हीच पुस्तकं जास्त सापडतात: प्रेमकथा आणि ‘डिस्टोपियन’ कादंबऱ्या. डिस्टोपिया म्हणजे असं कल्पित जग, जिथे राज्यकर्ते सगळं उत्तम चाललंय असं सांगतात आणि तिथे राहणाऱ्याला मात्र मोकळा श्वास घेता येत नाही. या दोन्हींचा ‘यंग ॲडल्ट’ अवतार, म्हणजे मुलांच्या भाषेत ‘वायए’, साधारण १२ ते १८ वयाच्या वाचकांसाठी लिहिला जातो. एस. ई. हिंटन या अमेरिकन लेखिकेची ‘द आउटसायडर्स’ १९६७ साली आली तेव्हा ती स्वतः जेमतेम अठरा वर्षांची होती. तिथपासून हा कप्पा वाढत वाढत आता एवढा झाला आहे की त्यातली पुस्तकं मुलांइतकीच त्यांच्या आया, मावश्या आणि ऑफिसला जाणारे दादाही वाचतात.

मुलं ही पुस्तकं निवडतात ती बहुतेक वेळा स्टार बघून. आईबाबा विकत घेऊन देतात तेही स्टार बघून. म्हणून तुमचा-माझा स्टार नुसता शेरा राहत नाही. पुढच्या कोणाच्या तरी हातात कोणतं पुस्तक पडेल हे तो थोडंसं ठरवतो. मग तो नेमका कशाचा दिला, हे आपल्याला तरी माहीत असायला हवं ना?

तीन म्हणजे नापास?

पुस्तकांना गुण देण्याचं जगातलं सगळ्यात मोठं ठिकाण म्हणजे गुडरीड्स. २००७ साली ते सुरू झालं आणि २०१३ साली ॲमेझॉनने विकत घेतलं. तिथे प्रत्येक स्टारला अर्थ ठरवून दिलेला आहे. एक म्हणजे आवडलं नाही. दोन म्हणजे ठीक होतं. तीन म्हणजे आवडलं. चार म्हणजे खूप आवडलं. पाच म्हणजे अफलातून!

पुन्हा वाचा: तीन म्हणजे आवडलं. आपल्या डोक्यात मात्र शाळेची मार्कशीट असते. पाचपैकी तीन म्हणजे साठ टक्के. एकेकाळी साठ टक्क्यांना फर्स्ट क्लास म्हणून पेढे वाटायचे, आता साठ टक्के सांगताना मुलं मान खाली घालतात. तेच पुस्तकांचं झालं आहे. आवडलेल्या पुस्तकाला तीन द्यायला हात धजावत नाही, मग सगळेच चार आणि पाच देत सुटतात, आणि शेवटी चांगलं आणि फार चांगलं यातला फरकच पुसला जातो.

दुसरी गंमत सरासरीची. समजा एका पुस्तकाला दहा वाचकांनी प्रत्येकी तीन स्टार दिले. सरासरी तीन. दुसऱ्या पुस्तकाला पाच जणांनी पाच दिले आणि पाच जणांनी एक दिला. सरासरी पुन्हा तीनच. पहिलं पुस्तक दुपारच्या वरणभातासारखं, कोणाचीच तक्रार नाही. दुसऱ्यावरून घरात दोन दिवस भांडण होईल. आकडा दोन्हींचा सारखा. म्हणून आकड्याच्या खाली एक वाक्य हवं. आणि ते वाक्य लिहायचं तर पुस्तकाला योग्य प्रश्न विचारता आला पाहिजे.

प्रेमकथेला काय विचारायचं?

प्रेमकथेवर सगळ्यात जास्त येणारी तक्रार म्हणजे, ‘शेवट आधीच कळला.’ अहो, कळणारच! दोघं भेटतील, मध्ये काहीतरी आडवं येईल आणि शेवटी मनाला समाधान मिळेल, हा प्रेमकथेचा वाचकाशी झालेला करार आहे. लग्नाच्या जेवणात शेवटी मसालेभात आणि जिलबी येणार हे माहीत असूनही आपण पंगतीत बसतोच की. प्रश्न आहे तो जिलबी कशी झाली याचा.

म्हणून पहिला प्रश्न: दोघांच्या मध्ये जे आडवं येतं ते खरं आहे का? एका फोनवर मिटेल असा गैरसमज तीनशे पानं ताणला असेल तर स्टार कापावा. पण अडथळा माणसांच्या स्वभावातून, घरातून, परिस्थितीतून आलेला असेल तर गोष्ट उभी राहते.

संध्या मेनन यांची ‘व्हेन डिंपल मेट ऋषी’ (२०१७) घ्या. मेनन भारतात वाढल्या आणि आता अमेरिकेत लिहितात. डिंपल शाह आणि ऋषी पटेल दोघंही अमेरिकेत वाढलेले. ॲप बनवायला शिकवणाऱ्या उन्हाळी शिबिरात भेटतात. ऋषीला माहीत आहे की आईवडिलांनी मनातल्या मनात सोयरीक जुळवली आहे. डिंपलला ते कोणी सांगितलेलंच नाही! तिला कोडिंग करायचंय, लग्नाचा विषयसुद्धा नकोय. त्याला आईबाबांचं ऐकायला मनापासून आवडतं, इतकं की स्वतःचं कॉमिक्स काढण्याचं वेड तो बाजूला ठेवायला निघाला आहे. इथे खलनायक कोणी नाही. आडवी येतात ती दोन चांगल्या मुलांची दोन वेगळी स्वप्नं. याच पुस्तकावरून २०२० साली नेटफ्लिक्सवर ‘मिसमॅच्ड’ ही मालिका आली. तिच्यात आपली ठाण्याची प्राजक्ता कोळी डिंपल झाली आणि गोष्ट अमेरिकेतून उचलून राजस्थानात आणली गेली. गोष्ट तिथेही चालली, कारण अडथळा आपल्या घरांतलाच होता.

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा: ‘नाही’ म्हटलेलं ऐकलं जातं का? स्टेफनी मायर यांची ‘ट्वायलाइट’ (२००५) आठवा. एडवर्ड रात्री बेलाच्या खोलीत येतो आणि ती झोपलेली असताना तिला बघत बसतो. तिला हे ठाऊकही नसतं. पुस्तकात ते प्रेमाची खोली म्हणून येतं. वाचताना अंगावर शहारा येतो, आणि तो गोड शहारा असतो हे नाकारण्यात अर्थ नाही. पण हेच शेजारच्या बिल्डिंगमधल्या मुलाने केलं तर? आपण सोसायटीच्या सेक्रेटरीकडे जाऊ, नाहीतर थेट पोलीस चौकीत.

मग अशा पुस्तकाला स्टार किती? काहीजण म्हणतात, चुकीचं नातं दाखवलं, एक स्टार. काहीजण म्हणतात, रात्रभर खाली ठेवता आलं नाही, पाच स्टार. दोघंही खरं बोलतात, फक्त दोन वेगळ्या गोष्टींबद्दल. पुस्तकाची ओढ आणि पुस्तकातलं नातं यांना वेगवेगळे गुण द्या. ओढ पाच, नातं दोन. चौदा वर्षांच्या मुलीला हे असं दोन आकड्यांत सांगता आलं, तर ती पुस्तकाचा आनंदही घेते आणि एडवर्डच्या वागण्याला प्रेम समजण्याआधी थबकतेही. माझ्या मते रेटिंगची ही सवय लावून घेण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे. उद्या तिच्या फोनवर कोणी दिवसातून पन्नास वेळा ‘कुठे आहेस, कोणाबरोबर आहेस’ विचारू लागला, तर त्यालाही असेच दोन आकडे देता यायला हवेत.

बिघडलेल्या जगाला काय विचारायचं?

डिस्टोपियन कादंबरीचा करार वेगळा. ती म्हणते, आजच्या जगातली एक गोष्ट मी घेते, ताणते, आणि पुढे काय होईल ते दाखवते. म्हणून तिला विचारायचं: या जगाचा नियम काय? तो नियम कोणाच्या फायद्याचा आहे? आणि तो मोडायची किंमत कोण देतं?

सुझान कॉलिन्स यांची ‘द हंगर गेम्स’ (२००८) या परीक्षेत पहिली येते. कॉलिन्स यांनी सांगितलं आहे की, एका रात्री टीव्हीची चॅनेल बदलताना एकीकडे रिॲलिटी शो आणि दुसरीकडे इराक युद्धाची दृश्यं दिसत होती, आणि त्यांच्या मनात ती दोन्ही एकमेकांत मिसळली. गोष्टीतल्या देशाचं नाव पॅनेम. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ भाकरी. लोकांना भाकरी द्या, खेळ दाखवा, ते गप्प बसतील, या जुन्या रोमन राज्यनीतीवरून ते घेतलं आहे. दरवर्षी बारा जिल्ह्यांतून प्रत्येकी एक मुलगा आणि एक मुलगी चिठ्ठी टाकून निवडतात. वय १२ ते १८. अशी २४ मुलं, आणि एकच उरेपर्यंत त्यांनी एकमेकांना मारायचं, टीव्हीच्या कॅमेऱ्यासमोर.

आता चिठ्ठ्यांचा हिशोब बघा. बाराव्या वर्षी तुमच्या नावाची एक चिठ्ठी, तेराव्या वर्षी दोन, असं करत अठराव्या वर्षी सात. सगळ्यांना सारखा नियम, वाटतं किती न्याय्य! पण गरीब घरच्या मुलांसाठी एक ‘सोय’ आहे. वर्षभराचं थोडं धान्य आणि तेल हवं असेल तर आणखी एक चिठ्ठी टाका. घरातल्या प्रत्येक माणसासाठी एकेक. आणि चिठ्ठ्या दरवर्षी साठत जातात. नायिका कॅटनिस १६ वर्षांची. वयाच्या ५ चिठ्ठ्या. शिवाय स्वतःसाठी, आईसाठी आणि धाकट्या बहिणीसाठी दरवर्षी ३, म्हणजे पाच वर्षांच्या १५. एकूण २०. तिचा मित्र गेल १८ वर्षांचा, घरात पाच माणसं. त्याच्या नावाच्या चिठ्ठ्या ४२. भुकेचा आणि मरणाचा संबंध इतक्या साध्या बेरजेत सांगितलेला मी क्वचितच वाचला आहे. ज्याच्या घरात रेशनकार्ड आहे, त्याला हा हिशोब समजावून सांगावा लागत नाही.

व्हेरॉनिका रॉथ यांची ‘डायव्हर्जंट’ (२०११) याच रांगेतली. भविष्यातलं शिकागो शहर, आणि माणसांचे पाच गट: कोणी निःस्वार्थी, कोणी धाडसी, कोणी बुद्धिमान, कोणी खरं बोलणारे, कोणी शांतताप्रेमी. सोळाव्या वर्षी एक गट निवडायचा आणि मग जन्मभर त्यातच राहायचं. कथा धावते, धावत्या गाडीतून उडी मारायचे प्रसंग श्वास रोखायला लावतात. पण विचारा: शहरातली सगळी माणसं एकाच गुणावर का जगतील? धाडसी माणसाला अक्कल नको का? पहिल्या पुस्तकात याचं पटेल असं उत्तर मिळत नाही. म्हणून वेगाला पाच आणि जगाला तीन.

वेगाला पाच मिळाले म्हणून जगालाही पाच देऊन टाकायचे, ही आपली नेहमीची घाई. राजकारणातल्या भाषणांनाही आपण असेच गुण देतो, बोलला छान म्हणून म्हणणंही खरं. बारा-पंधरा वर्षांच्या वयात ‘नियम कोणाच्या फायद्याचा?’ हा प्रश्न गोष्टीला विचारायची सवय लागली, तर ती वर्तमानपत्र वाचतानाही उपयोगी पडते.

दोन्ही एकत्र आलं की

बऱ्याच वायए कादंबऱ्या दोन्ही करार एकदम करतात. बिघडलेलं जग, आणि त्यात प्रेम. इथे आपण भारतातले वाचक एक वेगळी नजर घेऊन येतो.

ॲली कॉन्डी यांची ‘मॅच्ड’ (२०१०) बघा. समाजच ठरवतो कोणी काय खायचं, कोणतं काम करायचं, आणि कोणाशी लग्न करायचं. सतरा वर्षांच्या कॅसियाला समारंभात तिचा जोडीदार कोण ते कळतं. आणि मग क्षणभर दुसराच चेहरा दिसतो. अमेरिकन वाचकाला यातली पहिली गोष्टच भयंकर वाटते: दुसऱ्याने जोडीदार ठरवायचा? आपल्याकडे मात्र हे वाचताना चुलतबहिणीचा बायोडाटा आठवतो, ‘मुलगी गोरी, पत्रिका जुळते’ आठवतं, आणि ठरवून केलेल्या लग्नात सुखाने नांदणारे आईबाबाही आठवतात. मग आपण जास्त बारीक प्रश्न विचारू शकतो. स्थळ सुचवणं आणि स्थळ लादणं यातली रेघ कुठे आहे? नकार देता येतो का? दिला तर काय होतं?

लॉरेन ऑलिव्हर यांच्या ‘डेलिरियम’मध्ये (२०११) प्रेम हाच आजार ठरवला आहे. अठराव्या वर्षी शस्त्रक्रिया करून तो ‘बरा’ करतात. हसू येतं खरं, पण मुलगी कोणाशी बोलताना दिसली म्हणून तिचं कॉलेज बंद करणारी घरं आपल्याला माहीत आहेत. तिथेही ते ‘तुझ्याच भल्यासाठी’ असतं.

आणि कीरा कॅस यांची ‘द सिलेक्शन’ (२०१२). राजपुत्र मॅक्सनसाठी ३५ मुलींची स्पर्धा. देशात आठ जाती, एक ते आठ आकड्यांच्या. एक नंबरला राजघराणं, पाचव्यात कलावंत, आठव्यात ज्यांना घरही नाही अशी माणसं. लग्न झालं की बायको नवऱ्याच्या जातीत जाते. नायिका अमेरिका ही पाचव्या जातीतली, तिचा प्रियकर ॲस्पन सहाव्या. हे वाचताना भारतातल्या वाचकाच्या पोटात कालवल्याशिवाय राहत नाही. जात हा शब्द आपण पुस्तकातून शिकलेलो नाही. आडनाव विचारणाऱ्याच्या नजरेतून, ‘आमच्यात चालत नाही’ या वाक्यातून तो आपल्यापर्यंत आलेला आहे. आणि ‘द सिलेक्शन’मध्ये जात बहुतेक वेळा झगमगत्या पोशाखांच्या मागच्या पडद्यासारखी टांगलेली राहते. राजवाड्यातली प्रेमकहाणी मजेदार आहे, तिला चार द्या. पण जातीच्या जगाला दोनच, आणि का ते लिहा. परदेशातल्या वाचकाच्या नजरेतून जे सुटतं, ते आपल्या एका वाक्याने त्याला दिसू शकतं. मराठीत लिहिलंत तरी चालेल. इंदूर, बडोदा किंवा बेंगळुरूमधली एखादी मराठी मुलगी ते वाचेल आणि तिला वाटेल, अरे, हे मलाही खुपलं होतं.

दोन्ही करार एकत्र असतील तेव्हा एक सोपी कसोटी लावून बघा. गोष्टीतून प्रेम काढून टाकलं तर जग तसंच राहतं का? आणि जग काढून टाकलं तर प्रेम तसंच राहतं का? ‘हंगर गेम्स’मध्ये कॅटनिस आणि पीटा यांचं प्रेम कॅमेऱ्यासमोर घडतं. प्रेक्षकांना जोडी आवडली तर पुरस्कर्ते औषध, अन्न पाठवतात. त्यामुळे खरं प्रेम कोणतं आणि जगण्यासाठी केलेलं नाटक कोणतं, हे तिचं तिलाही कळेनासं होतं. तिथे एक धागा ओढला की दुसरा उसवतो. अशा पुस्तकाला मोकळ्या हाताने द्या.

दुखावलं की फसवलं?

‘डायव्हर्जंट’ मालिकेचं तिसरं पुस्तक ‘अलीजंट’ २०१३ साली आलं. शेवट काय ते सांगत नाही. पण तो वाचून चाहते इतके चिडले की धडाधड एक एक स्टार पडू लागले आणि लेखिकेने आपल्या शेवटामागचा विचार वाचकांसमोर मांडला.

शेवटाने दुखावणं आणि शेवटाने फसवणं यात फरक आहे. मागची पानं उलटून बघा. शेवटाची बीजं आधी पेरलेली होती का? पात्र जसं घडत आलं तसंच वागलं का? तसं असेल तर ते दुःख प्रामाणिक आहे, आणि प्रामाणिक दुःखाला स्टार कापू नये. जॉन ग्रीन यांची ‘द फॉल्ट इन अवर स्टार्स’ (२०१२) वाचून कोण रडलं नाही? त्यावरचा ‘दिल बेचारा’ २०२० साली घराघरात बघितला गेला तेव्हाही डोळे ओले झालेच. कॅन्सर झालेल्या दोन मुलांची ती गोष्ट पहिल्या पानापासून तुम्हाला सावध करत असते. ती फसवत नाही. पण शेवटच्या दहा पानांत अचानक एखादा अपघात आणून रडवलं असेल, तर तिथे जरूर कापा. यासाठी एक उपाय: मोठ्या शेवटाच्या पुस्तकाला त्याच रात्री गुण देऊ नका. दोन दिवस जाऊ द्या.

न वाचलेल्या पुस्तकाचा स्टार

२०२३ साली एलिझाबेथ गिल्बर्ट या नामवंत लेखिकेने ‘द स्नो फॉरेस्ट’ या कादंबरीची घोषणा केली. कथा सायबेरियातली. रशिया-युक्रेन युद्ध चालू असल्याने युक्रेनमधले वाचक दुखावले आणि न आलेल्या पुस्तकाला गुडरीड्सवर शेकडो एक-स्टार मिळाले. लेखिकेने प्रकाशन थांबवलं. लोकांचा राग खरा होता, युद्धही खरं होतं. पण पुस्तक एकाही सामान्य वाचकाने उघडलेलं नव्हतं. त्याच वर्षी एका नवोदित अमेरिकन लेखिकेने खोटी खाती उघडून आपल्याच बरोबरीच्या नव्या लेखकांना एक-स्टार दिल्याचं उघड झालं, आणि तिच्या प्रकाशकांनी तिचं पुस्तक रद्द केलं.

म्हणून घरचा नियम असा असावा: वाचलं असेल तरच स्टार. अर्धं सोडलं असेल तर कितव्या पानावर आणि का सोडलं ते लिहा, आकडा नको. आवडत्या हिरोने शिफारस केली म्हणून पाच नको, आणि मैत्रिणींच्या ग्रुपमध्ये सगळ्या एक देतायत म्हणून एकही नको.

आईबाबा, काका, मावशी यांच्यासाठी

‘वायए’ हा शब्द सिनेमाच्या प्रमाणपत्रासारखा नाही. तो पुस्तकांच्या दुकानातल्या कप्प्याचं नाव आहे. बारा वर्षांचं मूल आणि सतरा वर्षांचं मूल यांच्यात केवढं अंतर असतं, तरी दोघांचा कप्पा एकच. म्हणून मुखपृष्ठावरून किंवा स्टारवरून ठरवू नका. स्टोरीग्राफसारख्या ॲपवर पुस्तकात मृत्यू, हिंसा, आजारपण असं काय काय आहे याची वाचकांनी दिलेली पूर्वसूचना मिळते. ती बघा. आणि जमलं तर पुस्तकच वाचा.

मग एक खेळ खेळा. घरातल्या दोघांनी किंवा तिघांनी तेच पुस्तक वाचायचं. प्रत्येकाने चिठ्ठीवर आकडा आणि एक वाक्य लिहायचं, एकमेकांना न दाखवता. चिठ्ठ्या एकदम उघडायच्या. आईचे दोन आणि मुलीचे पाच निघाले, तर खरी मजा सुरू होते. एकच अट: कोणी कोणाचा आकडा बदलायला लावायचा नाही. फक्त ‘का?’ विचारायचं. ‘हा मुलगा तुला का आवडला?’ असा थेट प्रश्न मुलं टाळतात. पण एडवर्डबद्दल, गेलबद्दल, ऋषीबद्दल ती भरभरून बोलतात, आणि बोलता बोलता स्वतःबद्दलही सांगून जातात.

या वेळचे आमचे गुण

द हंगर गेम्स: जग ५, प्रेम ४. हिंसा आहे, पण ती बघणाऱ्यालाच प्रश्न विचारते. तेराव्या वर्षानंतर, शक्यतो मोठ्यांसोबत.
डायव्हर्जंट: वेग ५, जग ३, प्रेम ४. नायक-नायिका एकमेकांना ताकद देतात.
मॅच्ड: जग ४, प्रेम ३. सावकाश चालते. आजीबरोबर वाचावी, चर्चा रंगेल.
डेलिरियम: कल्पना ५, जग ३, प्रेम ४.
द सिलेक्शन: प्रेम ४, जग २. कारण वर लिहिलं आहे.
व्हेन डिंपल मेट ऋषी: प्रेम ४, हसू ५. नोकरी करणाऱ्या ताईसाठीही.
ट्वायलाइट: ओढ ५, नातं २. वाचा, आणि वाचून झाल्यावर बोला.

स्टारच्या मोजमापात न मावणारी एक गोष्ट सांगून थांबते. ‘हंगर गेम्स’मध्ये कॅटनिस धाकट्या बहिणीऐवजी स्वतः पुढे होते, तेव्हा तिच्या जिल्ह्यातली माणसं टाळ्या वाजवत नाहीत. ती तीन बोटं ओठांना लावून वर धरतात. आभार, आदर आणि निरोप, तिन्ही त्यात असतं. २०१४ साली थायलंडमध्ये लष्कराने सत्ता घेतल्यावर निदर्शकांनी हीच तीन बोटं वर केली, आणि त्यासाठी विद्यार्थ्यांना ताब्यात घेतलं गेलं. २०२१ साली म्यानमारमधल्या रस्त्यांवरही ती दिसली. मुलांसाठीच्या एका गोष्टीतली खूण पुस्तकातून सिनेमात आणि सिनेमातून रस्त्यावर आली. त्या मुलांपैकी कितीजणांनी पुस्तकाला स्टार दिले असतील, कोण जाणे.

तर पुढच्या भागापर्यंत एवढंच करा. हातात असलेली कादंबरी संपली की दोन आकडे आणि एक वाक्य लिहून ठेवा, वहीत किंवा फोनमध्ये. आणि घरातल्या कोणाचा आकडा तुमच्यापेक्षा अगदी वेगळा निघाला, तर तो किस्सा आम्हाला जरूर कळवा.